मदत हवी आहे: क्रमवारीच्या कोड्यासाठी एकच आकृती काढावी की सुरुवातीलाच तीन?

नमस्कार.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या आयलेट या प्रवेश परीक्षेची मी तयारी करत आहे. तिच्यात १५० पैकी ७० प्रश्न तर्काचे असतात आणि वेळ दोनच तासांचा असतो. सरावासाठी अमेरिकेतील एलसॅट या विधी प्रवेश परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांमधला लॉजिक गेम्स, म्हणजे अटींवरून क्रम किंवा गट लावण्याच्या कोड्यांचा, विभाग सोडवते. (आकृती काढू न शकणाऱ्या दृष्टिहीन उमेदवारांवर या विभागामुळे अन्याय होतो, अशा दाव्यात २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग परीक्षेतून गेला, सरावाला मात्र तो अजूनही उत्तम आहे.) तिथे चार कोड्यांना ३५ मिनिटे मिळत, म्हणजे एका कोड्याला जेमतेम पावणेनऊ मिनिटे.

अडचण नेमकी कळावी म्हणून त्याच धर्तीवर एक कोडे रचून देते. क, ख, ग, घ, च, छ आणि ज या सात वकिलांचे युक्तिवाद एकामागून एक व्हायचे आहेत. ग चा क्रमांक क च्या लगेच नंतर आहे. ख चा युक्तिवाद क च्या आधी कधीतरी होतो. घ चौथा आहे. आणि च पहिला असेल, तर ज शेवटचा असतो.

मी सात रिकाम्या जागा आखून चौथीत घ लिहिते आणि ‘कग’ ही जोडी बाजूला मांडते. त्यानंतर प्रत्येक प्रश्नासाठी नवी ओळ काढावी लागते आणि वेळ तिथेच जातो. जोडीच्या सर्व शक्यता आधीच मांडून ठेवाव्यात का, आणि शेवटची जर-तरची अट आकृतीत कुठे लिहावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

या कोड्यात शक्यता आधीच मांडाव्यात, कारण त्या तीनच आहेत. घ चौथा असल्यामुळे जोडी १-२, २-३, ५-६ किंवा ६-७ इथेच बसते आणि ख आधी हवा असल्याने १-२ बाद होते. जोडी २-३ वर असेल, तर ख पहिला ठरतो आणि च, छ, ज शेवटच्या तीन जागांवर कसेही बसतात. जोडी ६-७ वर असेल, तर शेवटची जागा ग ने अडवलेली असते, म्हणून ज तिथे येऊ शकत नाही आणि त्यामुळे च पहिला असू शकत नाही. आता ‘च पहिला असेल, तर काय खात्रीने खरे?’ असे विचारले, तर फक्त मधली, म्हणजे जोडी ५-६ वर असलेली आकृती उरते: च पहिला, घ चौथा, क पाचवा, ग सहावा, ज सातवा आणि ख व छ यांच्यासाठी दुसरी-तिसरी जागा. नव्याने काहीच आखावे लागत नाही.

जर-तरची अट आकृतीत कोंबू नये. ती बाजूला दोन्ही रूपांत लिहावी: ‘च १ → ज ७’ आणि ‘ज ७ नाही → च १ नाही’. ‘ज सातवा, म्हणून च पहिला’ हा निष्कर्ष मात्र कधीही काढू नये. चुकीचे पर्याय बहुधा त्यावरच बेतलेले असतात.

तरीही प्रत्येक कोड्याला ही पद्धत लावू नका. इथे घ ची जागा ठरलेली नसती, तर जोडीला पाच जागा उरल्या असत्या आणि त्यांतल्या एकीनेच ख निश्चित झाला असता. अशा वेळी आपली एकच आकृती बरी. एलसॅटमध्ये एका कोड्यावर पाच ते सात प्रश्न असल्याने सुरुवातीचे दीड मिनिट वसूल होत असे. एका कोड्यावर एकच प्रश्न असेल, तर होत नाही. ‘खालीलपैकी कोणता क्रम शक्य आहे?’ या प्रश्नाला तर आकृतीही नको: एकेक अट घेऊन पर्याय खोडत जावे, आणि जो क्रम उरेल तो पुढच्या ‘शक्य आहे का?’ प्रश्नांसाठी जपून ठेवावा.