खंडेनवमीसाठी ठासणीची बंदूक बफिंगच्या चाकावर? हात जोडून सांगतो, नका नेऊ

दाणाओळीकर
परवा आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच एका गृहस्थांनी पणजोबांच्या बंदुकीचे दोन फोटो टाकले, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत नळी काळपट तपकिरी, लाकडी कुंद्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी आलेली झाक. नंतरच्या फोटोत नळी स्टीलच्या पेल्यासारखी लखलखीत आणि कुंद्याला वरून मेलामाइनचं चकचकीत पॉलिश. ‘यंदा खंडेनवमीला अशी दिसणार’ असं लिहिलंय, खाली वाहवा चाललीय. मला राहवलं नाही.

आधीच्या फोटोत नळीच्या बुंध्यावर, कानाच्या (बार पेटवायच्या भोकाच्या) मागे, बारीक सोनेरी वेल दिसते. मोठा करून पाहा. नंतरच्या फोटोत ती वेल नाहीच. ती कोफ्तगरी होती. लोखंडावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी ओढून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्या खरखरीवर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोन्याची जाडी ती किती! चाक एकदा फिरलं की खेळ खलास. कारागिराने महिना घालून केलेलं काम कामगाराने चहा निवायच्या आत पुसून टाकलं, आणि आपण त्याला शाबासकी देतोय.

गंज सगळा सारखा नसतो. लाल, बोटाला लागणारा गंज लोखंड खात राहतो, तो काढायलाच हवा: पातळ तेलात दोन दिवस मुरू द्या, मग सगळ्यात बारीक स्टील वुलने हलक्या हाताने. पण खाली जो काळा-तपकिरी घट्ट थर असतो तो लोखंडाला धरून बसलेला असतो, त्याला हात लावू नका. अ‍ॅसिड तर अजिबात नको. पुष्कळ जुन्या नळ्या पट्टी गुंडाळून, तापवून, ठोकून जोडलेल्या असतात. जोडाच्या रेषेत अ‍ॅसिड शिरलं की धुतल्यावरही आतून कुरतडत राहतं.

कंपूवाला
दाणाओळीकर, हे सगळं गोऱ्या संग्राहकांचं शहाणपण आहे. त्यांना तपकिरी रंग आवडतो कारण त्यांना ती वस्तू कपाटात ठेवून विकायची असते. आमच्या घरी ती शस्त्र आहे. आजोबांच्या वेळी दसऱ्याच्या आधी शिकलगार घरी यायचा, ओसरीवर बसायचा, कुरुंदाची पूड आणि तेल घेऊन तलवारी, कट्यारी, बंदुकीची नळी, सगळं घासून द्यायचा. नळीत तोंड दिसायचं! गंजकं शस्त्र देवीपुढे मांडायचं म्हणजे ज्यांनी ते चालवलं त्यांचा अपमान आहे. आमची बंदूक पानिपतावर होती, असं घरात सांगत आले आहेत. ती मी काळीकुट्ट ठेवू?

मिलचा फिटर
तुमच्या बंदुकीचा फोटो मागे पाहिलाय. तिला टोपीवर (आपटली की ठिणगी देणाऱ्या मसाल्याच्या छोट्या वाटीवर) पडणारा घोडा आहे, खाली ती टोपी बसवायचं निपल आहे. पानिपत १७६१ चं. स्फोटक मसाल्याने बार पेटवायचं पेटंट फोर्सिथने घेतलं १८०७ मध्ये, आणि तांब्याची टोपी त्याच्याही नंतरची. नळी जुनी असेल, तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुकीची काढून पुढे टोपीदार केली असेल, असं पुष्कळ झालंय. पण आहे त्या रूपात ती पानिपतावर नव्हती.

कंपूवाला
म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलले?

मिलचा फिटर
आजोबांचं नाव मी काढलेलं नाही, निपलबद्दल बोलतोय.

दाणाओळीकर
शिकलगाराचं म्हणाल तर ऐका. जौहरदार (अंगावर लहरींची नक्षी दिसणाऱ्या) पोलादाची नळी असेल तर ती हाताने घासलेलीच असायची, हे मान्य, तिथे तुमचं बरोबर. पण शिकलगार बोटांनी काम करायचा, कोफ्तगरी आली की थांबायचा. मोटरवरचं चाक थांबत नाही. ते अष्टकोनी नळीच्या कडा गोल करतं, अक्षरं पुसतं आणि जौहरही सपाट करून टाकतं. शिकलगाराचं नाव घेऊन चाकाची वकिली करू नका.

मिलचा फिटर
तुम्ही दोघं चमक-चमक करताय आणि मुद्द्याची गोष्ट कुणीच विचारत नाही. ती बंदूक भरलेली आहे का, हे पाहिलं का?

आमच्या ओळखीत एकांनी अशीच भिंतीवरची बंदूक खाली उतरवली, बुंध्याजवळची चीर वेल्डिंगने भरून घ्यायला. सुदैवाने आधी माझ्याकडे आणली. मी गज (बार ठासायची लांब काठी) आत सोडला, नळीच्या तोंडाशी अंगठ्याने खूण धरली, गज बाहेर काढून नळीला लावून पाहिला. गजाचं टोक कानापर्यंत पोचायला हवं होतं, ते चार बोटं अलीकडेच थांबलं होतं. आत बार ठासलेला! किती पिढ्या तशीच टांगलेली कोण जाणे. ठासणीची दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक, कोरडं राहिलं तर शंभर वर्षांनीही पेटतं. त्यावर वेल्डिंगची ज्योत धरली असती तर काय झालं असतं? बफिंगवालासुद्धा नळी हात भाजेपर्यंत तापवतो. आधी गज, मग बाकी सगळं. बार निघाला तर कानातून पाणी सोडून भिजवा आणि जाणकाराकडून काढून घ्या.

कंपूवाला
आमची रिकामी आहे, कारण आम्ही ती वापरतो. दरवर्षी दसऱ्याला शमीपूजनाहून आल्यावर अंगणात एक बार काढतो. नुसती दारू, गोळी नाही. मग रॉकेलने पुसून ठेवतो. काही झालं नाही आजवर.

गोरखीची सून
दादा, हे असं उघड लिहू नका हो! शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून हर्ष फायरला (आनंदाच्या प्रसंगी बार काढण्याला) दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या ग्वाल्हेरात लग्नाच्या वरातींत किती जीव गेलेत, ते आठवा.

आणि लायसन्सचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. त्याच दुरुस्तीने तीन बंदुकांची मर्यादा दोनवर आणली, आणि वडिलोपार्जितसुद्धा त्यात धरल्या. सासऱ्यांकडे तीन होत्या. ठासणीची ठेवायची की बारा बोअर, यावर घरात आठवडाभर बोलणं बंद होतं. शिवाय प्रत्येक निवडणुकीला ठाण्यात जमा करा. मागच्या खेपेला परत आली तेव्हा कुंद्यावर लेबलाच्या तारेने खोल ओरखडा पडलेला, नळीला ओल लागून लाल पापुद्रे, आणि गज गायब. कुणाला विचारायचं? पावतीवर ‘बंदूक नग एक’ एवढंच. तुम्ही पॅटिना (जुनेपणाची झाक) म्हणा नाहीतर चमक म्हणा, आमच्या घरची वाट ठाण्याच्या खोलीत लागली.

जुना बाजार
वहिनी, शंभर टक्के! आमचीही पिशवीत न घालता बाकीच्यांच्या ढिगात टाकली होती. जमा करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि गज, पट्टा, घोडा, सगळं पावतीवर लिहून घ्या. लिहायला कुरकुर करतात, पण अडून बसलं की लिहितात.

कंपूवाला
मुळात शे-दीडशे वर्षांच्या बंदुकीला लायसन्स लागतंच कशाला? अँटिक आहे म्हटलं की सुटतं.

कोर्टाच्या वाटेवर
नाही सुटत. हा गैरसमज लोकांना आरोपीच्या पिंजऱ्यात नेतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ नीट वाचा: जुन्या घाटाचं किंवा पुराण वस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार सुटतं, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही असं असेल तरच. तुम्ही तर स्वतःच लिहिताय की दर दसऱ्याला बार काढता. आणि ज्यांची खरोखर मेलेली आहे त्यांनी कान मोकळा करून, नवं निपल बसवून ‘जिवंत’ करण्याच्या फंदात पडू नये. तशी दुरुस्ती केली की ती सूट आपल्याच हाताने घालवली.

कंपूवाला
घर आमचं, बंदूक आमची, आणि शिकवायला सगळा गाव. तुमच्यासारख्यांमुळेच भिंती रिकाम्या झाल्या. पोरं विचारतात, आपण सरदार होतो तर आपल्याकडे काय आहे? काय दाखवू त्यांना? कलम ४५?

दाणाओळीकर
तीच बंदूक दाखवा, फुटलेल्या नळीची नाही. बुंधा आतून किती खाल्ला गेलाय ते बाहेरून कळत नाही, कितीही चमकवा. पोरांना जवळ उभं करून बार काढता ना?

मिलचा फिटर
आणि ते रॉकेल. भाऊसाहेब, रागावू नका, पण नळी तुम्ही स्वतःच मारताय. दारूची राख हवेतली ओल ओढते, आणि जुन्या पद्धतीच्या टोप्यांचे क्षार तेलात किंवा रॉकेलमध्ये विरघळत नाहीत. त्यांना पाणीच लागतं. गरम पाणी, थोडा साबण, गजाला चिंधी बांधून पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कडकडीत गरम पाण्याचा शेवटचा हात, म्हणजे नळी स्वतःच्याच उष्णतेने सुकते. त्यानंतर तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी चिंधी फिरवून पाहा. तांबडी निघाली तर परत सगळं पहिल्यापासून. कुंद्याला मेलामाइन नको, उकळलेलं जवसाचं तेल बोटाने चोळा, अगदी थोडं, सुकेपर्यंत थांबा. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, त्या आपोआप पेटतात. उन्हात पसरून वाळवा.

कंपूवाला
रात्री चिंधी फिरवली. तांबडी निघाली. बरं, पाण्याचं करतो. यंदा बारही नाही काढणार, पण तो वहिनींच्या शब्दाखातर, दाणाओळीकरांच्या नव्हे. चाकावर नेणार नाही, हेही ठरलं. कुरुंद मात्र मी सोडणार नाही. नवमीला नळी चमकलीच पाहिजे.

दाणाओळीकर
मग हातानेच घासा, आणि बुंध्यावर सोन्याचा एक जरी ठिपका दिसला तर त्याच्या चार बोटं अलीकडे थांबा.

गोरखीची सून
फिटरकाका, माझा हरवलेला गज कुठे करून मिळेल? लाकडी हवाय, जुन्यासारखा. सराफ्यात विचारलं तर पडद्याचा दांडा दाखवला.