मदत हवी आहे: केस हार्डनिंग केलेल्या पिनांना ग्राइंडिंगनंतर तडे. चूक भट्टीची की माझ्या मशीनची?

लेथवाला_पोर
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत बाबांच्या वेळचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, आणि दिवाळीनंतर घेतलेलं जुनं सिलिंड्रिकल ग्राइंडर (गोल जॉब दगडी व्हीलनं घासून नेमक्या साइजला आणणारं मशीन). आधी ग्राइंडिंग बाहेर देत होतो. त्यातच सगळी मार्जिन जायची म्हणून स्वतःचं घेतलं, आणि आता डोक्याला हात लावून बसलोय.

जॉब हायड्रॉलिक सिलिंडरच्या पिनेचा. मटेरियल २० एमएन सीआर ५, साइज ३२ एफ ७, म्हणजे ३१.९५० ते ३१.९७५ मिमी. लेथवर ०.३ मिमी जादा ठेवून केस हार्डनिंगला, म्हणजे फक्त वरची कातडी कडक करायला, भट्टीला पाठवतो, ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप) होऊन येतं, मग ग्राइंडिंग. ६०० चा लॉट कोल्हापूरला गेला, त्यातल्या ३८ पिना परत आल्या. मॅग्नेटिक क्रॅक टेस्टमध्ये रिजेक्ट. मी स्वतः जाऊन बघितलं. अंधाऱ्या खोलीत त्या टेस्टच्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पिनेवर हिरव्या रेघा, केसासारख्या बारीक, लांबीच्या दिशेनं. बाहेर उजेडात आणली की पिन आरशासारखी चकचकीत, काहीच दिसत नाही.

भट्टीवाला म्हणतो ग्राइंडिंगमध्ये तू माल जाळलास. माझा ऑपरेटर म्हणतो माल तसाच आला होता. कस्टमर डेबिट नोट (नुकसान माझ्या बिलातून वळतं करायचा कागद) माझ्या नावानं काढणार. बाबांचं तर वेगळंच, "आम्ही लेथवर एमरी मारून देत होतो, तेव्हा कोण तडे बघत होतं?"

पुढच्या लॉटच्या २०० पिना हार्डनिंग होऊन पडल्यात, हात लावायला भीती वाटते. कुणाची चूक हे कसं ओळखायचं?

खडकगल्ली
आधी हे सांग: व्हीलवरचा नंबर काय? कट किती देतोस? पाण्याचा पाइप कुठं मारतोय? फोटो टाक.

लेथवाला_पोर
काका, व्हील मशीनबरोबरच आलं. एए ६० एम ५ व्ही ८, ४०० मिमी. कट ऑपरेटरला विचारला तर म्हणतो ०.०५, "लवकर होतं की ओ." पाइपाचा फोटो टाकलाय.

खडकगल्ली
अर्धं उत्तर इथंच मिळालं. नंबरातलं 'एम' हे अक्षर बघ. ते व्हीलची ग्रेड सांगतं, ए कडे मऊ, झेड कडे कडक. कडक जॉबला मऊ व्हील लागतं, सगळे इथंच उलटं करतात. मऊ व्हीलचा बोथट दाणा आपोआप गळून पडतो आणि खालचा धारदार दाणा वर येतो. कडक व्हील तो दाणा सोडत नाही, मग ते कापायचं सोडून नुसतं घासतं. घासलं की उष्णता, आणि ती सगळी पिनेच्या वरच्या कातडीत. के ग्रेड घे, फार तर जे.

पाइप व्हीलच्या डोक्यावर आहे. फिरणाऱ्या व्हीलभोवती हवेचा थर असतो, तो पाणी बाहेर फेकतो. धार बरोबर व्हील आणि जॉब भिडतात तिथं, जोरात पाहिजे. तुझ्या फोटोत पाणी पत्र्याला आंघोळ घालतंय, पिनेला नाही.

भट्टीवाला_नाही_पण
सगळं पोराच्या माथी मारू नका. केस हार्डनिंगनंतर माल साधारण १५० ते १८० डिग्रीला टेंपर व्हायला हवा, म्हणजे मंद तापवून आतला ताण कमी करायला हवा. घाईच्या वेळी तेच उडवतात. टेंपर न केलेली पिन आतून ताणलेली असते, ग्राइंडरचा थोडा ताप पण तिला सोसत नाही. त्या लॉटचा तापमानाचा ग्राफ माग. नुसतं एचआरसीचं सर्टिफिकेट घेऊ नको, त्यात हे कळत नाही.

आणि पडलेल्या २०० मधल्या काही पिना ग्राइंडिंग न करताच क्रॅक टेस्टला दे. तिथंच तडे दिसले तर तू सुटलास.

निप्पाणीकर
नायटल करून बघ. अल्कोहोलमध्ये ३ ते ५ टक्के नायट्रिक ॲसिड. पिन डिग्रीस करून बुडवायची, धुवायची. चांगली पिन एकसारखी राखाडी दिसते. जळालेल्या जागी काळपट पट्टे येतात, तिथं कडकपणा उतरलेला असतो. काळ्यात पांढरा डाग दिसला तर प्रकरण त्याहून वाईट, तिथं पोलाद लाल होऊन पुन्हा कडक झालंय. ॲसिड अल्कोहोलमध्ये घालायचं, उलटं नाही. मिश्रण बूच लावून साठवायचं नाही, खिडकी उघडी ठेवून करायचं.

सीएनसी_मच्छे
एवढी कटकट कशाला? सीबीएन टिप (हिऱ्याखालोखाल कडक) घेऊन हार्ड टर्निंग कर, म्हणजे कडक पिन थेट लेथवरच काप. एका सेटिंगमध्ये साइज येते, पाणी नसलं तरी चालतं.

खडकगल्ली
त्याचा लेथ बाबांच्या वेळचा आहे, वाचलं का? सीबीएनला दणकट मशीन लागतं. शिवाय ही पिन सीलमधून सरकणार. टर्निंगची चूड, म्हणजे टिपेच्या आट्यासारख्या बारीक रेघा, राहिली की सील खाते. २५ मायक्रॉनमध्ये दिवसभर साइज धरून ०.४ आरए इतका गुळगुळीतपणा द्यायचा तर जुन्या मशीनवर ग्राइंडिंगच बरं. खर्च व्हीलवर कर, टिपांवर नको. आणि एम चं के झालं म्हणून ०.०५ चा कट चालेल असं समजू नको. रफला ०.०१ ते ०.०२, शेवटी ०.००५, मग कट न देता ठिणग्या थांबेपर्यंत फेऱ्या. व्हीलला धार आणायला डायमंड वेळेवर मार. व्हील चकाकायला लागलं की उशीर झालाच.

लेथवाला_पोर
आठवड्यानं अपडेट देतोय. ग्राइंडिंग न केलेल्या २० पिना क्रॅक टेस्टला दिल्या, एकातही तडा नाही. जुन्या लॉटच्या ज्या पिना माझ्याकडं होत्या, त्यातल्या ६ नायटलमध्ये बुडवल्या. चारांवर काळे पट्टे, एका बाजूलाच जास्त. ती बाजू का, हे पिन सेंटरवर फिरवून डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावल्यावर कळलं. पिना हार्डनिंगमध्ये वाकल्यात, एका अंगाला दुप्पट माल निघतोय.

कूलंट (ग्राइंडिंगचं तेल मिसळलेलं पाणी) बघितलं तर तेल १ टक्क्यालाच आलेलं. टाकी उतरली की पोरगं नळाचं साधं पाणी ओततं, तेल कुणी घालतच नव्हतं. आता ४ वर ठेवलंय. के ग्रेडचं व्हील बसवलं, पाइप खाली घेतला, नवीन १५ पिना काढल्या. नायटलला सगळ्या राखाडी. एका पिनेला वेळ मात्र जवळजवळ दीडपट लागतो, तो रेट कस्टमरकडं कसा मागू ते वेगळंच.

भट्टीवाल्याकडून ग्राफ अजून आला नाही. "साहेब बाहेरगावी" एवढंच उत्तर.

भट्टीवाला_नाही_पण
ग्राफ येईपर्यंत उरलेल्या पिना परत टेंपर करून घे, १६० ला दोन तास. आणि डेबिट नोटवर सही करू नको अजून. वाकलेल्या पिनांच्या डायलच्या रीडिंगचे फोटो काढून ठेव.

लेथवाला_पोर
काढलेत अण्णा. उद्या तिसऱ्या गेटजवळ चहाला येताय का कुणी? नायटल केलेल्या पिना घेऊन येतो.