मदत हवी आहे: शिमल्यात पाऊस की बर्फ, सीमा कुठे धरायची?

नमस्कार मंडळी. पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) आला की शिमल्याच्या रिजसाठी (शहराच्या मध्यातली मोकळी जागा, सुमारे 2,200 मीटर) तुम्ही पाऊस-बर्फाची सीमा कशी ठरवता? शेजारचं कुफरी जवळपास 500 मीटर वर, तिथे प्रश्न बहुधा सुटतो. घोळ रिजवरच होतो.

हवामानाचं मॉडेल नकाशाच्या एकेका चौकटीत डोंगर-दऱ्यांच्या उंचीची सरासरी काढतं, म्हणून आधी चौकटीची उंची पाहावी लागते. समजा ती 1,700 मीटर आणि अंदाज 4 अंशांचा. दर किलोमीटर उंचीला तापमानात 6.5 अंश घट धरली तर रिजवर पाऊण अंश, म्हणजे बर्फाची आशा. पण हवा ओलीचिंब असली की घट 5 अंशांच्या आसपासच राहते. मग दीड अंश उरतो आणि पडतो तो पाणी-बर्फाचा रेंदा. उलट कोरड्या हवेत 3 अंशांवरही चांगला बर्फ पडतो, कारण बाष्पीभवनाने हवा गार होते. नुसतं तापमान पाहणाऱ्या ॲपवर म्हणूनच विसंबता येत नाही. सध्या वेट बल्ब तापमान (बाष्पीभवनाने हवा जितकी गार होऊ शकते ते तापमान) 1 अंशाखाली, एवढीच अट लावतो आहे.

शिमल्यासाठी ही अट पुरते का? जोरदार वर्षावात बर्फ शून्य अंशाच्या पातळीखाली 300 मीटरपर्यंत उतरतो असं धरलंय. हलक्या सरींना किती धरावं? आणि 10 मिलिमीटर पाण्याला 10 सेंटिमीटर बर्फ, हा हिशेब ओल्या बर्फाला किती घटवता?