लकव्याच्या पेशंटला सुया हव्यात, व्यायाम नको: कसं समजवायचं?

फिजिओ_चिकोडी
चिकोडी-निपाणी भागात स्ट्रोकला महिना-दीड महिना झाला की घरचे अ‍ॅक्युपंक्चरचं विचारायला लागतात. मग एक तर "सुया लावल्या की हात सुटतो म्हणे" म्हणून व्यायाम बंद, नाहीतर "आधीच अंगात जीव नाही, त्यात आणि टोचायचं कशाला" म्हणून साफ नकार. दोन्हीकडच्या पेशंटशी बोलायचं कसं? आणि पाठवायचंच झालं तर आधी काय बघून घ्यायचं?

बीएनवायएस_खानापूर
पहिल्या भेटीत पेशंटलाच विचारा, सुईनं काय होईल असं वाटतं? बऱ्याच जणांना वाटतं की इंजेक्शनसारखं त्यातूनही औषध आत जातं, म्हणजे आपण नुसतं पडून राहायचं. व्यायाम सुटतो तो इथंच. सुई हातात देऊन दाखवा: भरीव, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, एकदा वापरून टाकायची. घाबरणाऱ्याची निम्मी भीती ती बघूनच जाते. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, नंतर जड वाटतं किंवा रग लागते, हेही आधीच सांगून ठेवा. नाहीतर रग लागली की "नस दुखावली" म्हणून दुसऱ्या दिवशी पेशंट येत नाही.

आता हात सुटण्याचं. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या हेगू बिंदूवर सुई असताना काही जणांची आवळलेली मूठ थोडी सैल होते. घरचे ते बघून हरखतात, पण बऱ्याचदा काही वेळानं मूठ परत आवळते. म्हणून सीटिंग २०-३० मिनिटांचं झालं की लगेच व्यायाम ठेवायचा: बोटं उघडणं, पेला धरणं, सोडणं. सैल झालेला हात वापरलाच नाही तर त्या सीटिंगमधून हाती फारसं काही लागत नाही.

पेशंट उपाशी नको, बसवून सुया नकोत. घेरी येते ती बहुतेक याच दोन कारणांनी. लकवा झालेल्या बाजूला संवेदना कमी असेल तर शेकाचा दिवा किंवा मोक्सा (औषधी पाला जाळून बिंदूवर दिलेला शेक) टाळाच, भाजलेलं कळत नाही. दुखऱ्या खांद्यासाठी खांद्याच्या माथ्यावर खोल सुई घालू देऊ नका, खाली फुफ्फुस आहे. ज्याची वाचा गेली आहे त्याच्याशी "पुरे"ची खूण आधीच ठरवा, चांगल्या हाताची मूठ वर केली की थांबायचं. होकार मुलाचा घेतात आणि दुखतं बापाला, असं होऊ नये.

बायकांचा नकार कित्येकदा सुईला नसतो, कपडे सारावे लागतील याचा असतो. कोपराखालचे आणि गुडघ्याखालचे बिंदू घेऊनही सुरुवात करता येते. हे आधी सांगितलं तर बऱ्याच जणी तयार होतात.

एमडी_मेडिसिन_बेळगाव
वरचं सगळं बरोबर. माझा आग्रह गोळ्यांसाठी. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर सुईच्या जागी थोडं काळंनिळं होतं. कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा, गोळी बंद करायची नाही. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचा ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघितल्याशिवाय पाठवू नका. पेसमेकर असेल तर विजेचा करंट लावलेल्या सुया नकोत. बीपी प्रत्येक सीटिंगआधी मोजा, १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी सुया नाहीत, आधी डॉक्टरांना दाखवायचं.

"सुयांनी बरं वाटतंय, आता बीपीच्या गोळ्या कशाला" हे वाक्य कानावर आलं की सगळं बाजूला ठेवून आधी त्यावर बोला. दुसरा स्ट्रोक अशाच वेळी गाठतो. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं तर सुयांच्या दवाखान्यात नाही, थेट सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आतल्या गावातून बेळगाव गाठण्यातच त्यातला किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहे.

फिजिओ_चिकोडी
धन्यवाद. पण "सुयांनीच चालायला लागले" म्हणणाऱ्याला काय सांगायचं? डॉ. कोटणीसांचं नाव घेऊन ठाम बसतात ओ लोक.

बीएनवायएस_खानापूर
डॉ. कोटणीस सर्जन होते, १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले. भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बी. के. बसूंनी. पण हा वाद घालू नका, आकडा दाखवा. सुरुवातीच्या तीन महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरतो, त्यामुळं त्या काळात जे चालू असेल त्यालाच श्रेय जातं. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) ३१ चाचण्या आणि २२५७ रुग्ण होते. काही बाबतींत फायदा दिसला, पण चाचण्यांचा दर्जा कमी म्हणून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. पेशंटला हेच साध्या शब्दांत सांगा: उपयोग होऊ शकतो, खात्री नाही, व्यायामाला पर्याय नाही.

सुया सुरू करायच्या आधी अंगणात १० मीटर मापून चालायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. १० सीटिंगनंतर परत तीच जागा, तीच काठी, तेच चप्पल. फरक नसेल तर तो खर्च थांबवायला तुम्हीच सुचवा. आणि जिथं पाठवाल तिथं भिंतीवर केपीएमई नोंदणी (कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांची सरकारी नोंदणी) लावलेली आहे का ते बघा. "२१ दिवसांत लकवा बरा" असा बोर्ड असेल तिथं पाठवूच नका.