फळगळीच्या बहुस्तरीय मॉडेलमध्ये डायव्हर्जन्स कमीच होत नाहीत (ब्रम्स, स्टॅन)

केळीबाग_डेटा

नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यातल्या आंबिया बहाराच्या संत्राबागांचा फळगळीचा डेटा आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, हिंगणा, पारशिवनी असे ६ तालुके, प्रत्येक तालुक्यात ८ बागा, प्रत्येक बागेत १० झाडं. एकूण ४८० ओळी, एका झाडाची एकच ओळ. ऑगस्टच्या सुरुवातीला झाडावर किती फळं होती ते मोजलेलं आहे आणि सप्टेंबरअखेरपर्यंत किती पडली तेही. सोबत झाडाचं वय, बागेत ठिबक की पाटपाणी, आणि जून ते सप्टेंबरचा तालुक्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये. बागांना प्रत्येक तालुक्यात १ ते ८ असे क्रमांक आहेत, झाडांना १ ते ४८०.

आरमध्ये ब्रम्स (स्टॅन या सॅम्पलरसाठी मॉडेल लिहून देणारं पॅकेज) वापरून निगेटिव्ह बायनॉमियल (मोजणीच्या आकड्यांसाठीचं, जास्त विखुरणीला जागा देणारं वितरण) लावलंय:

गळ ~ ठिबक + वय + पाऊस + (१ + ठिबक | तालुका) + (१ | बाग) + (१ | झाड)

उभ्या रेघेचे कंस म्हणजे गटागटानं बदलणारे परिणाम. सगळे प्रायर (डेटा पाहण्याआधीच्या अपेक्षा) डीफॉल्ट. ४ चेन (सॅम्पलिंगच्या स्वतंत्र धावा), प्रत्येकी २००० इटरेशन, त्यातली १००० वॉर्मअप (जुळवणीची, टाकून द्यायची). ४००० ड्रॉपैकी २१२ डायव्हर्जंट (जिथे सॅम्पलरची वाट चुकली). तालुक्याच्या एसडीचा (प्रमाण विचलनाचा) आर-हॅट (चेन एकमेकींशी जुळल्या का ते सांगणारा, १ च्या जवळ हवा) १.०६, बल्क ईएसएस (स्वतंत्र ड्रॉइतकी उपयोगी संख्या) ९०. ई-बीएफएमआय (सॅम्पलर नीट फिरतोय का याचं माप) कमी असल्याची सूचना चारही चेनवर. ॲडॅप्ट डेल्टा (वाढवला की सॅम्पलरची पायरी आखूड होते) ०.९९ केल्यावर डायव्हर्जन्स ४० वर आल्या, पण आता ट्रीडेप्थच्या (एका ड्रॉमागच्या पायऱ्यांच्या मर्यादेच्या) सूचना येऊन राहिल्या आणि रन चौपट हळू झाला. इटरेशन १०,००० करावीत का? की हे सगळं हातानं नॉन-सेंटर्ड लिहून काढावं?

धरमपेठ_पोस्टिरियर

ताई, इटरेशन वाढवू नका आणि हातानं लिहूही नका. ब्रम्स गट-परिणाम आधीपासूनच नॉन-सेंटर्ड लिहितं. जनरेट झालेला स्टॅन कोड उघडून पाहा, झेड नावाचे प्रमाणित परिणाम एसडीनं गुणलेले दिसतील. डायव्हर्जन्स असताना इटरेशन वाढवली की पोस्टिरियरच्या (डेटा पाहिल्यानंतरच्या वितरणाच्या) त्याच अडचणीच्या कोपऱ्याला सॅम्पलर पुन्हा पुन्हा चुकवतो, फक्त जास्त वेळ घेऊन.

खरी गाठ फॉर्म्युल्यात आहे, आणि ती दोन ठिकाणी आहे.

पहिली म्हणजे बागेचे क्रमांक. काटोलची बाग १ आणि नरखेडची बाग १ तुमच्या मॉडेलला एकच बाग वाटते. समरीमध्ये बागेसमोर लेव्हलची संख्या पाहा, ४८ हवी तिथे ८ दिसेल. (१ | तालुका:बाग) असं लिहा, किंवा तालुका आणि क्रमांक जोडून वेगळा ओळख-स्तंभ करा. ही चूक कुठलीच सूचना देत नाही, म्हणून बहुस्तरीय मॉडेलची समरी वाचताना आधी लेव्हल मोजाव्यात आणि मगच आर-हॅटकडे वळावं.

दुसरी गाठ मोठी आहे. झाडाची ओळ एकच, म्हणजे (१ | झाड) हा प्रत्येक निरीक्षणाचा स्वतंत्र परिणाम झाला. निगेटिव्ह बायनॉमियलचा शेप (विखुरणी ठरवणारा आकडा) हेच काम करतो. एकच अतिरिक्त विचरण (एसडीचा वर्ग) तुम्ही दोघांच्या नावावर लिहिलंय, आणि कोणाचा वाटा किती हे डेटा सांगू शकत नाही. आकड्यात बघा. निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये विचरण मध्य + मध्यवर्ग ÷ शेप. पॉयसनवर लॉग-नॉर्मल झाड-परिणाम घेतला तर मध्यवर्गाला गुणणारा आकडा ई (२.७१८) चा एसडी-वर्ग घात वजा १. एसडी ०.५ असेल तर तो ०.२८४ येतो, म्हणजे शेप सुमारे ३.५ ठेवल्यासारखंच. शेप खूप मोठा आणि एसडी ०.५, किंवा शेप ३.५ आणि एसडी शून्य: डेटाला दोन्ही जवळपास सारखेच. पेअर्स आलेखात झाडाच्या एसडीचा लॉग आणि शेपचा लॉग समोरासमोर काढा. वाकडा, लांब पट्टा दिसेल आणि डायव्हर्जन्सचे ठिपके त्याच्या टोकांशी गोळा झालेले असतील. ई-बीएफएमआय ०.३ च्या खाली जायचं मुख्य कारणही बहुतेक हेच.

तेव्हा (१ | झाड) काढून टाका. एकाच झाडावर दर पंधरवड्याला मोजणी असती तर ठेवायला सांगितलं असतं.

नंतर प्रायर. एसडीवर डीफॉल्ट स्टुडंट-टी (३, ०, २.५) आहे. लॉग मापावर एसडी २.५ म्हणजे एका एसडीनं वरचा तालुका सरासरीच्या १२ पट फळं गाळतो. शेजारशेजारच्या तालुक्यांत असं होत नाही. क्लास एसडीला (म्हणजे सगळ्या गटांच्या एसडींना) नॉर्मल (०, ०.५) द्या. शून्याखालचा भाग ब्रम्स आपणच कापतं. ०.५ म्हणजे साधारण १.६५ पट, तेही सैलच आहे. सहाच गट असताना एसडीची वरची शेपटी डेटा आवरत नाही, ती प्रायरनंच आवरायची असते.

संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन ज्याला लोकप्रमेय म्हणतात ते हेच: गणनेत अडचण आली तर बहुधा मॉडेलमध्ये अडचण असते. ॲडॅप्ट डेल्टाला हात सगळ्यात शेवटी लावा.

बर्डी_चौक

वरच्याशी सहमत. पण पाऊस राहिला, आणि ट्रीडेप्थच्या सूचनांचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

ब्रम्स स्वतंत्र चलांची सरासरी वजा करतं, पण माप बदलत नाही. मिलिमीटरमधला पाऊस सरासरीपासून १५० इकडेतिकडे असतो, त्याचा उतार हजाराव्या भागात येणार. वयाचा उतार शंभराव्या भागात, ठिबकचा एकाच्या आसपास. एवढ्या वेगवेगळ्या रुंदीच्या पोस्टिरियरमध्ये पायरी सगळ्यात अरुंद दिशेच्या मापाची घ्यावी लागते. वॉर्मअपमध्ये मेट्रिक (प्रत्येक दिशेचं माप) जुळवून घेतलं जातं, पण सुरुवातीची फरफट होतेच. त्यात तुम्ही ॲडॅप्ट डेल्टा ०.९९ करून पायरी आणखी आखूड केली. डीफॉल्ट ट्रीडेप्थ १० म्हणजे एका ड्रॉमागे जास्तीत जास्त १०२३ पायऱ्या, त्या पुरेनात म्हणून सूचना. ट्रीडेप्थची सूचना वेळ वाया गेल्याची असते. डायव्हर्जन्सची सूचना उत्तर चुकीचं असू शकतं अशी असते. दोन्ही एका पारड्यात टाकू नका.

पाऊस १०० मिमीच्या एककात घ्या, वय १० वर्षांच्या, आणि उतारांना नॉर्मल (०, ०.५) द्या. उतारांचा डीफॉल्ट प्रायर सपाट आहे, तो असाच सोडू नये. सुरुवातीला 'रिजेक्टिंग इनिशियल व्हॅल्यू' असं दिसलं असेल तर त्याचंही कारण हेच. स्टॅन सुरुवातीची मूल्यं -२ ते २ मधून उचलतं, आणि १५० मिमीला उतार २ लागला की मध्य ईचा ३०० वा घात होतो. माप बदलल्यावरही अडलंच तर इनिट (सुरुवातीच्या मूल्यांचा पल्ला) ०.१ द्या.

आता मुद्द्याचं. पाऊस तालुक्याचा एकच आकडा, म्हणजे ४८० ओळींत वेगळे आकडे फक्त ६. त्याच सहा बिंदूंवर तालुका-परिणामही बसवताय. उतार आणि तालुक्याची एसडी एकमेकांशी भांडणारच. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळतात ते बागेला जोडा. ते जमत नसेल तर मी तालुका यादृच्छिक न ठेवता सहा साध्या गुणकांत टाकीन आणि पाऊस मॉडेलमधून काढीन. सहा गटांवर विचरण मोजणं मला पटत नाही.

धरमपेठ_पोस्टिरियर

मंडळनिहाय पाऊस, शंभर टक्के. गुणकांबद्दल मात्र मतभेद आहे. उमरेड किंवा मौद्यातल्या, डेटात नसलेल्या बागेबद्दल अंदाज हवा असेल तर साध्या गुणकांतून काहीच मिळत नाही. घट्ट प्रायरसकट यादृच्छिक तालुका निदान अनिश्चितता प्रामाणिकपणे रुंद दाखवतो.

आणि ठिबकचा बदलता उतार (१ + ठिबक | तालुका) आधी काढाच. एका तालुक्यात ८ बागा, त्यातल्या किती ठिबकच्या? एखाद्या तालुक्यात एक-दोनच असतील तर त्या तालुक्याचा उतार म्हणजे त्या एका बागेचीच गोष्ट. नंतर परत आणायचाच असेल तर दुहेरी उभ्या रेघेनं लिहा, म्हणजे सहसंबंध मोजला जाणार नाही. सहा गटांत सहसंबंधाबद्दल डेटा जवळपास काहीच सांगत नाही, तुम्हाला एलकेजे (सहसंबंधांवरचा) प्रायरच परत मिळतो.

सावजी_स्टॅट

सगळे सॅम्पलरच्या मागे लागले, पण कुटुंबच (वितरणाची निवडच) चुकलंय असं माझं मत आहे. ऑगस्टमध्ये झाडावर ७०० फळं मोजली असतील तर ७०० पेक्षा जास्त गळू शकत नाहीत. फॉर्म्युल्यात तो आकडा कुठेच नाही! ऑफसेट (गुणक १ वर पक्का केलेला चल) म्हणूनसुद्धा नाही. मग मोठ्या झाडाची जास्त गळ वयाच्या, बागेच्या, झाडाच्या परिणामांत घुसणार, आणि बागेची एसडी फुगणार.

गळ दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर लॉग ऑफसेट देऊन निगेटिव्ह बायनॉमियल चालतं. त्यापुढे बीटा-बायनॉमियल (मोजलेल्या फळांपैकी किती गळली याचं वितरण) घ्या, ब्रम्समध्ये ते तयारच आहे:

गळ | ट्रायल्स(ऑगस्ट_फळं) ~ ठिबक + वय + पाऊस + (१ | तालुका) + (१ | तालुका:बाग)

शेपच्या जागी इथे फाय येतो, म्हणून झाड-परिणाम इथेही नको, कारण तेच. मापही आता लॉजिट (गळण्याच्या ऑड्सचा लॉग) आहे. इंटरसेप्टला नॉर्मल (-१.५, १) दिलं तर मध्य सुमारे १८ टक्के गळ आणि बहुतेक वस्तुमान ३ ते ६० टक्क्यांच्या मधे येतं, संत्र्याला ते शोभतं. डेटा लावायच्या आधी सॅम्पल-प्रायर ओन्ली करून आभासी गळ काढा. निम्म्या झाडांवर शून्य आणि उरलेल्यांवर शंभर टक्के गळ दिसली तर प्रायर अजून सैल आहेत. फायवरचा प्रायर पाहायला विसरू नका: फाय १ च्या आसपास किंवा खाली रेंगाळला की नेमकं असंच चित्र येतं.

केळीबाग_डेटा

सगळ्यांचे आभार. एकेक बदल वेगवेगळा चालवून पाहिला. बागेच्या लेव्हल ८ च दिसत होत्या, आता ४८. (१ | झाड) काढल्याबरोबर ई-बीएफएमआयची सूचना गेली आणि ॲडॅप्ट डेल्टा ०.८ वरच डायव्हर्जन्स ९ वर आल्या. ठिबकचा उतार काढून एसडीचे प्रायर दिल्यावर २. मंडळनिहाय पाऊस जोडला, बीटा-बायनॉमियल लावलं, ॲडॅप्ट डेल्टा ०.९५: शून्य. आर-हॅट सगळीकडे १.००, सगळ्यात कमी बल्क ईएसएस तालुक्याच्या एसडीचा, ११०० च्या वर. ट्रीडेप्थची एकही सूचना नाही.

दोन शंका राहिल्या. तालुक्याच्या एसडीचा ९५ टक्के पल्ला ०.०२ ते ०.६ असा रुंदच आहे. आणि एल-ओ-ओमध्ये (एकेक ओळ वगळून केलेल्या पडताळणीत) ३ झाडांचा पॅरेटो के (त्या ओळीपुरती पडताळणी भरवशाची आहे का याचं माप) ०.७ च्या वर आहे.

धरमपेठ_पोस्टिरियर

पल्ला रुंद राहणारच, तालुके सहाच आहेत. प्रायर नॉर्मल (०, ०.२५) आणि नॉर्मल (०, १) करून दोनदा चालवा. ठिबकचा गुणक हलला नाही तर तालुक्याची एसडी आहे तशी छापा, सोबत प्रायरही लिहा. हलला तर तेही छापा.

सावजी_स्टॅट

त्या ३ झाडांच्या ओळी आधी मूळ वहीशी ताडून पाहा. ऑगस्टची मोजणी अर्धवट राहिलेली किंवा एक शून्य कमी पडलेलं झाड असंच वर येतं. नोंद बरोबर निघाली तर मोमेंट मॅचिंग (त्या ओळींसाठी ड्रॉ जुळवून घेणं) चालू करून पुन्हा एल-ओ-ओ काढा. पण तुमचा प्रश्न नव्या बागेबद्दल असेल तर एकेक झाड वगळणारा एल-ओ-ओ मुळातच उपयोगाचा नाही, त्याच बागेतली उरलेली ९ झाडं उत्तर फोडून देतात. के-फोल्ड घ्या, गट म्हणून तालुका-बाग द्या, म्हणजे अख्खी बाग एकदम बाहेर राहील. ठिबक असलेलं आणि नसलेलं मॉडेल त्यावरच ताडा. १० फोल्ड म्हणजे मॉडेल दहादा चालणार, तेवढा वेळ हाताशी ठेवा.