भाचा म्हणतो एआय कंपनीचे अनलिस्टेड शेअर घे. घ्यावेत का?

सेवाकेंद्र_अंबाजोगाई

नमस्कार. मी अंबाजोगाईत आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज. त्यामुळं कॉम्प्युटरची भीती नाही, पण शेअरची आहे. पोस्टाची पाच वर्षांची आरडी मागच्या महिन्यात पिकली. भिशीचे धरून हातात चार लाख दहा हजार आलेत. थोरली नांदेडला एसजीजीएसमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढं एमटेक करायचंय, म्हणून हे पैसे.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हापासून मागं लागलाय, "आत्या, एक एआय कंपनी आहे, तिचे शेअर अजून बाजारात आले नाहीत. आत्ता सहाशेला मिळायलेत. आयपीओ आला, म्हणजे कंपनीनं पहिल्यांदा शेअर सगळ्यांना विकायला काढले, की दुप्पट." पोरगा लबाड नाही. त्यानं स्वतः दीड लाख घातलेत.

पण आमच्या घरात एक जखम आहे. सासूबाईंचे सव्वादोन लाख एका मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकलेत. ते पासबुक त्या अजून लुगड्याच्या घडीत ठेवतात. व्याज चांगलं मिळतंय म्हणून तिथं पैसे ठेवा असं मीच सांगितलं होतं. ते मला विसरता येत नाही.

आणि पेपर वाचून डोकं चक्रावतं. एकीकडं एआयच्या चिपवाली एनव्हिडिया पाच लाख कोटी डॉलरची झाली, संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटा वीस हजार कोटी आणणार, आणि दुसरीकडं टीसीएसनं बारा हजार माणसं कमी करायचं ठरवलं. एकाच धंद्यात इतका पैसा यायलाय, तर माणसं कामून काढायलेत? मुलगी याच धंद्यात उतरणार आहे, म्हणून हे मला नीट समजून घ्यायचंय. जाणकारांनी सांगावं.

हिंजवडीत_लातूरकर

ताई, मी पण तुमच्या भाच्यासारखाच. औसा रोडवर घर, नोकरी पुण्यात. शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, कारण तो रोज आमच्या डोक्यावर टांगलेला असतो.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, फक्त पैशाचा रस्ता वेगळा आहे. मायक्रोसॉफ्ट, गूगल, ॲमेझॉन, मेटा या चौघांनी मिळून २०२५ या एका वर्षात डेटा सेंटर आणि यंत्रसामग्रीवर तीस हजार कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च मांडलाय. तो पैसा चिप, मेमरी, वीज, इमारत आणि थंड ठेवायच्या यंत्रणेवर जातो. एनव्हिडिया वर गेली ती त्यामुळं. आपल्या आयटी कंपन्यांची कमाई वेगळी. त्या माणसाचे तास विकतात. परदेशातल्या गिऱ्हाइकानं बजेट एआयकडं वळवलं, किंवा "हेच काम कमी माणसांत करा" म्हटलं, की आमचे तास कमी होतात. टीसीएसनं २०२५ च्या जुलैत सांगितलेली कपात सुमारे दोन टक्क्यांची होती, आणि त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त. माझ्या स्वतःच्या टीममधल्या दोघांची नोकरी यंदा गेली. एकाला अकरा वर्षं झाली होती.

मुलीला एवढंच सांगा की नुसती एक भाषा शिकून थांबू नको. गणित आणि सिस्टिमचं काम पक्कं कर. एसजीजीएसची पोरं आमच्याकडं आहेत, पाया चांगला असतो.

शेअरचं मला एवढं कळत नाही. पण इथं कँटीनमध्ये सध्या जो तो अनलिस्टेडचंच बोलायलाय, हे मात्र खरं.

वाळूज_प्रेसशॉप

बिडकीनचं मी सांगतो. वाळूजला आमचं प्रेस शॉप आहे, चौदा माणसं. दुचाकीचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प करतो. वडिलांनी सुरू केलं, १९८५ ला बजाजचा कारखाना इथं आला त्यानंतर.

ताई, टोयोटाचा वीस हजार कोटींचा आकडा ३१ जुलै २०२४ च्या सामंजस्य कराराचा आहे. सामंजस्य करार म्हणजे दोन्ही बाजूंनी कागदावर मांडलेला इरादा. तो खोटा नसतो, पण तो पैसा त्या दिवशी येत नाही. जमीन, परवाने, बांधकाम, मशिनरी असं टप्प्याटप्प्यानं वर्षानुवर्षं येतो. पेपरात मात्र सगळा आकडा एका दिवशी छापतात, आणि दुसऱ्या दिवशी पैठण रोडला गुंठ्याचा भाव चढतो. आम्ही कोटेशनची मागणी आली की डाय बनवायच्या तयारीला लागतो, आणि पीओ, म्हणजे लेखी पक्की ऑर्डर, हातात पडल्याशिवाय नवीन प्रेस घेत नाही. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एकानं नुसत्या बातमीवर कर्ज काढून शेड बांधलं. ते अजून रिकामं आहे.

बॅटरीच्या स्कूटर करणाऱ्या एथरचं उदाहरण मात्र वेगळं आहे, आणि ते मला आवडतं. त्यांनी जून २०२४ ला बिडकीनचा कारखाना जाहीर केला. दोन हजार कोटींच्या वर गुंतवणूक आणि पूर्ण झाल्यावर वर्षाला दहा लाख गाड्यांची क्षमता. एप्रिल २०२५ ला त्यांचा आयपीओ आला, भाव ३२१. त्यातल्या सुमारे ९२७ कोटींचं काम त्यांच्या आयपीओच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलं होतं, महाराष्ट्रातला हा कारखाना उभारायचा. म्हणजे कुठल्या तरी शहरात बसून कुणी अर्ज भरला, त्याचा रुपया आमच्या शेजारच्या काळ्या मातीवर आला. अशा बातमीकडं मी लक्ष देतो.

बॅटरीच्या गाडीला इंजिनाचे भाग लागत नाहीत. आमच्या ओळीतल्या व्हॉल्व्ह आणि गिअर करणाऱ्यांना झोप नाही. ब्रॅकेट मात्र लागतातच, म्हणून आम्ही टिकून आहोत.

निवृत्त_शाखाधिकारी_परभणी

ताई, एकतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली सोळा मराठवाड्यातल्या शाखांत. सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. तुमच्यासारखे कितीतरी लोक माझ्या टेबलासमोर बसून रडलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाळूजच्या भावांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. तंत्रज्ञानातल्या पैशाची कुठलीही बातमी आली की मी एकच विचारतो, हा पैसा जायलाय कुणाच्या खिशात?

आयपीओमध्ये दोन प्रकार असतात. फ्रेश इश्यू म्हणजे नवे शेअर. त्याचा पैसा कंपनीच्या तिजोरीत जातो, त्यातून कारखाना उभा राहतो, कर्ज फिटतं. दुसरा ऑफर फॉर सेल. त्यात जुने गुंतवणूकदार आपले शेअर तुम्हाला विकून बाहेर पडतात. कंपनीला त्यातला छदाम मिळत नाही. झोमॅटोचा २०२१ चा ९,३७५ कोटींचा आयपीओ घ्या. त्यातले ९,००० कोटी फ्रेश होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटीएमचा आला १८,३०० कोटींचा, त्यात १०,००० कोटी ऑफर फॉर सेलचे. २,१५० ला दिलेला तो शेअर पहिल्याच दिवशी सत्तावीस टक्क्यांनी पडला. २०२५ च्या लेन्सकार्टमध्येही सव्वासात हजार कोटींपैकी फ्रेश फक्त २,१५० कोटी होते. ऑफर फॉर सेल असला म्हणजे कंपनी वाईट, असं मी म्हणत नाही. ज्यानं दहा वर्षं जोखीम घेतली त्यानं आपला वाटा घेऊन जाणं रास्त आहे. पण जो आत-बाहेर सगळं ओळखतो तो विकायलाय आणि मी पेपर वाचून घ्यायलोय, एवढं ध्यानात ठेवून भाव बघावा.

आता "अमुक कंपनी इतक्या कोटींची झाली" हे काय असतं? समजा तुमच्या गावाच्या फाट्यावर रस्त्याला लागून दोन गुंठे कुणी चाळीस लाखाला घेतले. मग कुणी सगळ्या शिवाराला तोच भाव लावला, माळरान, पाझर तलावाकाठचं, सगळं धरून, आणि म्हणालं, गाव इतक्या कोटींचं. स्टार्टअपचं मूल्यांकन बऱ्याचदा असंच होतं. शेवटच्या फेरीत थोडेसे शेअर ज्या भावानं गेले, तोच भाव सगळ्या शेअरला. ऑनलाइन शिकवणीची बायजूज २०२२ मध्ये २,२०० कोटी डॉलरची म्हणून छापून यायची. २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. एनव्हिडियाची गोष्ट वेगळी, तिला खरा आणि प्रचंड नफा आहे, शेअरची रोज उघड खरेदी-विक्री होते. तरीसुद्धा २७ जानेवारी २०२५ ला चीनच्या डीपसीक या स्वस्तातल्या एआयची बातमी आली आणि एका दिवसात सुमारे ५९,००० कोटी डॉलरचं बाजारमूल्य उतरलं. सतरा टक्के. कारखाने तेच, माणसं तीच, फक्त उद्याबद्दलचा अंदाज बदलला.

आता भाच्याच्या शेअरवर येतो. इथं काही गोष्टी तुम्हाला कुणी सांगितल्या नसतील.

सहाशे हा भाव कुठल्याही शेअर बाजारात ठरलेला नाही. तो दलालानं सांगितलेला भाव आहे, आणि त्याचा नफा त्यातच धरलेला असतो. तुम्हाला उद्या विकायचे झाले तर तोच दलाल किती देईल, हे आज विचारून बघा. दोन्ही भावांतलं अंतर ऐकूनच बरंच कळेल. ज्या वेबसाइट असे शेअर ऑनलाइन विकतात, त्यांच्यापासून सावध राहा असा इशारा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं डिसेंबर २०२४ मध्येच दिलाय. म्हणजे काही बिनसलं तर शेअर बाजाराची तक्रारीची सोय तिथं तुमच्या कामाची नाही.

आयपीओ आला तरी त्या दिवशी तुम्हाला विकता येत नाही. आयपीओच्या आधी घेतलेले शेअर वाटपापासून सहा महिने अडकून राहतात. "लिस्टिंगला दुप्पट करून बाहेर" हे तुमच्यासाठी नाहीच. २०२२ च्या जुलैत झोमॅटोच्या जुन्या भागधारकांची अशीच, त्यांच्या वेळी वर्षभराची असलेली, मुदत संपली, विक्रीचा लोंढा आला आणि ७६ ला दिलेला शेअर पन्नासच्या खाली गेला. पुढं तो कितीतरी वर आला, पण तुमच्या लेकीची फी त्याची वाट बघणार नाही.

आणि आयपीओआधीचा बाहेरचा भाव आयपीओच्या भावापेक्षा जास्तही असू शकतो. एचडीबी फायनान्शियलचे शेअर लोकांनी बाहेर बाराशेच्या वर घेतले होते. जून २०२५ मध्ये आयपीओचा भाव लागला ७४०. ती तंत्रज्ञानातली कंपनी नव्हे, पण मोठ्या घरची, नफ्यातली. तिथं हे झालं, तर तोट्यातल्या नवख्या कंपनीचं काय सांगावं?

मी स्वतः २०२१ मध्ये निवृत्तीच्या पैशातले दोन लाख एका नावाजलेल्या ॲप कंपनीत घातले होते. ऑफर फॉर सेलचं पान मला माहीत होतं. कर्जाचे कागद तपासत जन्म गेला, आणि ते पान मी उघडलं नाही. घरात चार लोक घ्यायलेत म्हणून घेतले. बायकोला दीड वर्ष सांगितलं नव्हतं, ते जास्त टोचतं.

तुम्ही असं करा. भाच्याला तीन गोष्टी विचारा. कंपनीनं सेबीकडं आयपीओचं मसुदा पत्रक दाखल केलंय का? सेबीच्या वेबसाइटवर यादी असते. काही कंपन्या आधी गोपनीय मार्गानं दाखल करतात, पण तशी जाहीर सूचना त्यांना द्यावीच लागते. दुसरं, मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद दाखव. तिसरं, हे शेअर तुला विकले कुणी?

सेवाकेंद्र_अंबाजोगाई

सर, तुमचं लिहिलेलं रात्री मुलीला फोनवर वाचून दाखवलं. गावाच्या शिवाराचं उदाहरण ऐकून सासूबाई पण जवळ येऊन बसल्या.

भाच्याला तिन्ही विचारलं. तो रागावला नाही, गप्प झाला. मसुदा पत्रक नाही. गोपनीय सूचनाही त्याला सापडली नाही. ताळेबंद एकाच वर्षाचा, तोही व्हॉट्सॲपवर आलेला, तीन पानांचा. शेअर त्याच्या ऑफिसातल्या सीनिअरनं दिले. परत विकायचा भाव विचारला तर दलाल म्हणाला चारशे साठ, आणि तेही "गिऱ्हाईक मिळालं तर". भाचा म्हणाला, "आत्या, मी हे विचारलंच नव्हतं." मला त्याचंच वाईट वाटलं. त्याचं लग्न वैशाखात आहे.

त्याला आता काय सांगू? आणि माझे पैसे कुठं ठेवू?

निवृत्त_शाखाधिकारी_परभणी

भाच्याला म्हणा, नवीन एक रुपयाही घालू नको, आणि कमी भावात आणखी घेऊन खरेदीची सरासरी खाली आणायची म्हणून तर मुळीच नको. शेअर डीमॅट खात्याला, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्याला, खरोखर जमा झालेत का, ते आधी स्टेटमेंटमध्ये बघ. जमा असतील तर निदान कागद पक्का आहे. लग्नाला पैसे लागणार असतील तर काही शेअर मिळेल त्या भावात विकायची तयारी ठेव. अवघड आहे, पण लग्नासाठी पर्सनल लोन काढण्यापेक्षा बरं.

तुमचे पैसे एमटेकचे आहेत, म्हणजे दीड-दोन वर्षांत लागणार. इतक्या जवळच्या पैशाला शेअर नको, कुठल्याच कंपनीचा नको. साडेतीन लाख राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात ठेवा, दोन मुदती करून, एक फी भरायच्या आधी संपेल अशी. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सासूबाईंना तेही सांगा. उरलेल्या साठ हजारांतून हवं तर दरमहा थोडं थोडं इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, टाका. त्याला हात लावायचा नाही.

आणि आयपीओ भरावा वाटलाच तर एका लॉटचा, म्हणजे कमीत कमी जेवढे शेअर मागता येतात तेवढ्यांचा, बँकेच्या अस्बा सोयीतून. पैसे तुमच्याच खात्यात राहतात, शेअर मिळाले तरच कापले जातात.

सेवाकेंद्र_अंबाजोगाई

उद्या मोंढ्याजवळच्या पोस्टात जाते. सासूबाई पण येते म्हणाल्या, पावती स्वतः बघायचीय त्यांना. मुलीनं एथरचं पत्रक डाउनलोड केलंय, त्यातलं पैसा कुठं जाणार ते पान शोधून मला फोटो पाठवलाय. वाळूजच्या भाऊंनी सांगितलेला आकडा त्यात आहे.

वाळूज_प्रेसशॉप

ताई, मुलीला सुट्टीत एकदा इकडं घेऊन या. शॉप दाखवतो आणि बिडकीनला नेऊन काम किती वर आलंय तेही दाखवतो.