कॉर्ड ओळखायला कान कोण तयार करणार, ॲप की सा?

खर्जवाला
गिटारच्या क्लासची मुलं हल्ली मोबाईलवर सराव करतात. एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, वाजते, मेजर की मायनर ते बटण दाबायचं. त्यात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा साध्या भावगीतापुढे अडकतो, आणि त्यात नवल नाही. सी-ई-जी हे तीन सूर पांढरी एकमध्ये (पट्टी अशी की सी हाच सा) साची कॉर्ड, पांढरी पाचमध्ये (सा म्हणजे जी) मची, पांढरी चारमध्ये (सा म्हणजे एफ) पची. सूर तेच, पण पहिली घरात, म्हणजे सावर, बसलेली असते, तिसरी घराकडे निघालेली. सुटी कॉर्ड ऐकून हे कळणार कसं?

ज्यांचं थोडंफार सरगम झालंय त्यांनी ॲप बाजूला ठेवावं. गाणं लावा, सा गुणगुणा, बेसचा, म्हणजे सर्वांत खालचा, सूर पकडा आणि तो म, प, ध यांतला कुठला ते गाऊन बघा. मग त्याच सुराला सा मानून वर शुद्ध गंधार जुळतो की कोमल? शुद्ध तर मेजर, कोमल तर मायनर.

सहा तारा
बेसचा सूर म्हणजेच कॉर्डचं नाव, हे कुणी सांगितलं? सी मेजरमध्ये बेसने ई धरला की खालून ई-जी-सी. ई मायनर म्हणजे ई-जी-बी. फरक एकाच सुराचा, तोही अर्ध्या स्वराचा. तुमच्या कृतीने ईवर जी, म्हणजे कोमल गंधार जुळणार आणि तुम्ही 'मायनर' लिहून मोकळे! बऱ्या ॲपमध्ये नेमका याच इन्व्हर्जनचा, म्हणजे पायाऐवजी दुसरा सूर खाली असलेल्या कॉर्डचा, सराव असतो.

शिवाय गाणं मोबाईलवरच ऐकताय ना? बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास. त्या बोटभर स्पीकरमधून तो मूळ सूर येतच नाही. पकडणार काय?

जवारी
मला हा खटाटोपच कळत नाही. पेटी-गिटारवरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला मेजर कॉर्ड किंचित बेसूरच लागते. यमनातल्या गाण्याखाली कुणी शुद्ध मध्यमाची कॉर्ड ठेवली की राग गेलाच. सरगम येणाऱ्याला हा सोस कशाला?

खर्जवाला
जवारी, यमनाखाली रेची मेजर लावा. रे, तीव्र म, ध. दोष कॉर्डचा नाही, लावणाऱ्याचा. आणि चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात सा, प, ग एकदम ऐकू येतात, त्याला तुम्ही काय म्हणाल?

सहा तारा, ई-जी-सीचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावर ॲप कशाला हवं? गंधारानंतर पंचमही गाऊन बघायचा. ईचा पंचम बी. तिकडे सी वाजत असेल तर तुमचा बी असा खटकेल की विचारू नका.

साळगावची
आमच्या गोव्यात मांडो, हा कोकणी गीतप्रकार, दोन आवाजांत गातात. दुसरा आवाज बहुतेक वेळ पहिल्यापासून तिसऱ्या किंवा सहाव्या सुरावर राहून बरोबरीने चालतो. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले कितीतरी गोवेकर पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. कॉयरमध्ये दुसरा आवाज लावणाऱ्याला कॉर्डच्या आत उभं राहूनच गावं लागतं. तुम्ही सगळे बाहेर बसून ऐकताय.

एक करून बघा. एकाने सा धरून ठेवायचा. दुसऱ्याने पेटीवर सा-ग-प, मग म-ध-सा, मग ध-सा-ग दाबायचं. तुमचा सा जागचा हलत नाही, पण पहिल्यात तो पाया, दुसऱ्यात पंचम, तिसऱ्यात कोमल गंधार. तिन्ही वेळा गळ्याला वेगळा लागतो. हे एकदा जाणवलं की बेस पकडा नाहीतर ॲप लावा, तुमची मर्जी.

सहा तारा
ताई, रात्री अकराला हेडफोन लावून बसणाऱ्याने पेटी आणि ती दाबणारा माणूस आणायचा कुठून? त्याला ॲपच परवडतं. आणि खर्जवाले, पियानोवाले कॉर्डमधला पंचम सर्रास गाळतात. तिथे काय गाऊन बघणार?